भर समुद्रात नवऱ्याची साठी: दोघंच बोटीवर असताना वाढदिवस कसा करायचा

आमच्या ह्यांची साठी फेब्रुवारीत आली आणि नेमकी तेव्हाच आमची बोट गोव्याहून सेशेल्सच्या वाटेवर असणार होती. रत्नागिरीत घरी सांगितल्यावर अर्थातच पहिला प्रश्न, मग साठीच्या शांतीचं काय? होम नाही, साठ दिव्यांचं ओवाळणं नाही, पाहुण्यांच्या पंगती नाहीत, असं कुठे असतं का वगैरे. नणंदेने तर दोन दिवस फोनच उचलला नाही. सासूबाई तेवढ्या ठीक होत्या, म्हणाल्या, "समुद्रात कसली शांत करताय, समुद्र शांत राहिला तरी पुष्कळ झालं." आणि साठ फुलवाती एका डबीत भरून माझ्या हातात दिल्या.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण हल्ली आपल्याकडची दोन-चार जोडपी लांबच्या शिडाच्या प्रवासाला निघायला लागलीयेत आणि बोटीची तयारी, कागदपत्रं ह्यावर सगळे बोलतात पण मधे वाढदिवस आला तर काय करायचं हे कोणी सांगत नाही. आणि तो येतोच. मुरगाव ते सेशेल्सचं व्हिक्टोरिया म्हणजे साधारण १६०० सागरी मैल, आमची अडतीस फुटी बोट ५ नॉटने, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांनी गेली तर दिवसाला १२० मैल, म्हणजे कागदावर १३-१४ दिवस. आम्हाला १७ लागले. वारा पडला की पडला, त्याला कोण काय करणार.

आधी कॅलेंडर बघा, आणि मग ते फार मनावर घेऊ नका

निघायच्या आधी महिनाभर कालनिर्णय उघडून वाढदिवस कुठल्या वारी आहे, त्या दिवशी काय आहे ते बघून ठेवा. हसू नका. मी बघितलं नव्हतं आणि ह्यांची साठी बरोब्बर संकष्टीला निघाली, मला उपास आणि बोटीवर मेनू ठरलेला सुकट-भाकरीचा! सोमवार, गुरुवार, चतुर्थी जे काय पाळत असाल ते आधीच माहिती असलेलं बरं, कारण तिथे ऐनवेळी कोपऱ्यावरच्या दुकानातून काही आणता येत नाही.

दुसरं म्हणजे तारखेला अडून बसायचं नाही. एक दिवस आधी, तो दिवस आणि एक दिवस नंतर असे तीन दिवस धरा आणि त्यात जो दिवस बोट कमी हलवेल तो वाढदिवस. हे दोघांनी निघायच्या आधीच बोलून ठेवायचं, नाहीतर ज्याचा वाढदिवस तो गप्प गप्प बसतो आणि दुसऱ्याला कळत नाही की ह्याला मळमळतंय की राग आलाय. वाढदिवस पहिल्या तीन दिवसांत येत असेल तर सरळ पुढे ढकला, तेव्हा दोघांनाही बोट लागलेली असते, केक सोडा, साधा चहा पोटात राहात नाही.

आम्ही जानेवारी संपता संपता निघालो. त्या दिवसांत अरबी समुद्रात ईशान्येचा वारा असतो, बोट नैऋत्येला जाणार म्हणजे वारा पाठीवर, त्यामुळे विषुववृत्तापर्यंत बऱ्यापैकी आरामात जाता येतं. खरा वैताग विषुववृत्ताच्या आसपास आणि खाली, तिथे वारा पडतो किंवा मग काळे ढग येऊन पाऊस झोडपतो. म्हणून गोव्याहून निघायची तारीख अशी पकडली की वाढदिवस साधारण दहाव्या दिवशी, विषुववृत्ताच्या अलीकडे यावा. जमलं. नशीब म्हणा.

वस्तू लपवणं हा सगळ्यात अवघड भाग

अडतीस फुटात दोन माणसं, आणि त्यातला एक रिटायर्ड मरीन इंजिनियर म्हणजे दर दोन दिवसांनी प्रत्येक फळी उचलून खाली पाणी आलंय का बघणारा. तिथे गिफ्ट कुठे लपवणार? माझं उत्तर, पिठाच्या डब्यात. हे इंजिनाच्या खाली, टाकीच्या मागे, सुकाणूच्या खोबणीत सगळीकडे हात घालतील पण नाचणीच्या पिठात हात घालणार नाहीत हे मला चौतीस वर्षांच्या संसारानंतर नक्की माहिती होतं. तुमच्या घरचा पिठाचा डबा कुठला ते तुम्ही ठरवा.

गिफ्टला पुठ्ठ्याचा खोका आणि रंगीत कागद नको. पुठ्ठ्यात झुरळाची अंडी असतात, एकदा बोटीत झुरळं झाली की विचारू नका, आणि कागद तर आठ दिवसांत दमट होऊन लगदा होतो. मी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलं, तो तुकडा नंतर विंच (शिडाच्या दोऱ्या ओढायचा रहाट) पुसायला झाला. वस्तू छोटी, हलकी, गंजणार नाही अशी आणि शक्यतो तिथेच वापरता येईल अशी घ्या. मी डोक्याला लावायचा लाल उजेडाचा टॉर्च घेतला होता, कारण रात्रीच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याला, पांढरा दिवा लावला की डोळ्यांची अंधाराची सवय मोडते आणि ती परत यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, लाल उजेडात तेवढा त्रास होत नाही. शर्ट-बिर्ट घेऊ नका, बोटीवर कोण बघणार आहे.

फुगे अजिबात नेऊ नका. मी नेले होते, सहा, आणि रात्री दोन वाजता केबिनमधे त्यातला एक फुटला तेव्हा हे शीड फाटलं समजून चड्डीवर वर धावले. शिवाय उडून गेला तर समुद्रात प्लास्टिक, आणि कासवं ते जेलीफिश समजून खातात. आपण मंडणगडजवळच्या वेळासला जाऊन कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघणार, फोटो काढणार आणि तिकडे दोनशे मैलांवर फुगे सोडणार हे काही बरोबर नाही. तसंही बोटीवरून प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय नियमानेच पूर्ण बंदी आहे, किनाऱ्यापासून कितीही लांब असलात तरी.

घरच्यांचे आवाज मात्र नक्की न्या. निघायच्या आधी सगळ्यांकडून मोबाइलवर दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड करून घ्या, म्हणजे भर समुद्रात नेटवर्कसाठी रडायला नको. सॅटेलाइट फोनचा विषय आपल्याकडे नाजूक आहे, थुराया किंवा इरिडियमचा फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे, त्यासाठी लोकांना अटकही झालेली आहे, त्यामुळे परदेशातल्या भावाने आणून दिला म्हणून बॅगेत टाकला असं करू नका. आमच्याकडे नव्हता. सासूबाईंच्या रेकॉर्डिंगमधे मागे कोंबडा आरवतोय आणि कोणीतरी नारळ सोलतंय, हे तेवढंच तीन वेळा ऐकत बसले होते.

केक म्हणजे सांदण

बोटीवर ओव्हन असला तरी गरम हवेत, हलत्या बोटीत तासभर तो चालू ठेवायचा म्हणजे शिक्षा, गॅसही खूप जातो. आपल्याकडे वाफेवरचा केक पिढ्यान्‌पिढ्या आहे, सांदण. आणि ते कुकरमधे होतं. बोटीवरचं सगळ्यात कामाचं भांडं कुठलं विचाराल तर कुकर, कारण झाकण लॉक होतं, बोट आडवी झाली तरी आतलं उकळतं पाणी अंगावर येत नाही.

सामान सगळं टिकणारं आहे. दोन वाट्या तांदळाची कणी किंवा इडली रवा, एक वाटी आंब्याचा रस, एक वाटी नारळाचं दूध, पाऊण वाटी साखर, चिमूट मीठ, चमचाभर तूप, अगदी थोडा खायचा सोडा. फेब्रुवारीत हापूस नसतो म्हणून डबाबंद रस, पण तो आधीच गोड असतो, साखर अर्धी वाटीच घाला. नारळ शेंडीसकट न्या, पूर्ण सोललेला नको, शेंडीवाला कितीतरी जास्त टिकतो. आमचे बारा होते, जाळीच्या पिशवीत बांधलेले. जाता जाता सांगते, केळ्यांचा घड मात्र नेऊ नका, सगळी केळी एकाच दिवशी पिकतात आणि मग दोन माणसं दिवसाला वीस केळी खात बसतात.

कणी तुपावर मंद भाजून घ्या, गार झाली की रस, दूध, साखर, मीठ घालून तासभर झाकून ठेवा, घट्ट वाटलं तर थोडं पाणी, शेवटी सोडा. आता बोटीची गंमत. घरी आपण वाट्यांमधे किंवा इडलीपात्रात लावतो, इथे ते चालत नाही, सगळं घसरून एकावर एक येतं. एकच झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तूप लावा, निम्माच भरा, झाकण लावा, कुकरमधे खाली जाळी आणि पाणी, शिटी काढून ठेवायची, वीस-बावीस मिनिटं. कुकर शेगडीच्या चिमट्यांमधे दोन्ही बाजूंनी घट्ट अडकवा आणि उभं राहताना शेगडीच्या समोर नाही, बाजूला राहा, अंगात पूर्ण पॅन्ट हवी. भाजलं तर डॉक्टर हजार मैल लांब आहे.

आणि शेगडीची कडी काढायला विसरू नका! बोटीची शेगडी झोक्यासारखी लटकलेली असते, बोट कलंडली तरी ती सरळ राहते, पण वापरत नसताना तिला कडी घालून ठेवतात. मी गडबडीत कडी तशीच ठेवली, शेगडी बोटीबरोबर कललेली राहिली आणि सांदण एका बाजूला दोन इंच आणि दुसऱ्या बाजूला अर्धा इंच असं कौलारू छपरासारखं निघालं. चव छान होती. ह्यांनी कोन मोजला, साडेबारा अंश म्हणे.

मासा मिळेल आणि पार्टी करू ह्या भरवशावर मेनू ठरवू नका. मिळायचा तेव्हा मिळत नाही आणि आमच्यासारखं संकष्टीला सकाळी चांगला सात-आठ किलोचा कुपा गळाला लागतो. सोडून दिला, खूप जीवावर आलं. ज्यांना खायचाय त्यांनी एक लक्षात ठेवा, कुपा म्हणजे टुना, तो पकडल्या पकडल्या रक्त काढून थंड करायला लागतो, उन्हात डेकवर तासन्‌तास पडला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, तोंड लाल, डोकं ठणकणं, जुलाब. बर्फ नसेल तर लगेच शिजवा आणि खाऊन टाका.

खरं गिफ्ट: झोप आणि अंघोळ

दहा दिवस तीन तास जागं, तीन तास झोप असं केलं की माणसाला सोनं-चांदी काही नको असतं. सलग सहा तास झोप. बास. हेच सगळ्यात मोठं गिफ्ट आणि ह्याला एक पैसा लागत नाही, पण द्यायची पद्धत आहे. ती झोप रात्री देऊ नका, दिवसा द्या, सकाळी सात ते दुपारी एक. रात्री तुम्ही एकटे सहा तास जागे राहणार म्हणजे चौथ्या तासाला पेंगणार. आदल्या रात्री तुम्ही स्वतः नीट झोपलेले असायला हवं, त्यामुळे दोन दिवस आधीपासून वॉचचं गणित थोडं थोडं सरकवत न्यायचं, समोरच्याला कळू न देता.

त्या सहा तासांत हार्नेस, म्हणजे बोटीला बांधून ठेवणारा पट्टा, कायम अडकवलेला, तुम्ही पडलात तर खाली झोपलेल्याला कळणारसुद्धा नाही. आणि दर बारा-पंधरा मिनिटांनी चारी बाजूला क्षितिज बघायचं, गजर लावून. मोठं जहाज २० नॉटने येतं, तुम्ही ५ ने जाताय, समोरासमोर असाल तर मिळून २५. छोट्या बोटीवरून ते सहा-सात मैलांवर दिसलं तर पंधरा-सोळा मिनिटांत अंगावर. वाऱ्याचा जोर वाढायच्या आधीच शीड एक घडी कमी करून ठेवा, थोडं हळू गेलो तर जाऊ, पण मधेच "अहो उठा, रीफ घ्यायचंय" म्हणून हाक मारली की गिफ्ट संपलं. मी एकदाही मारली नाही. हे साडेअकरालाच आपोआप उठून वर आले, सवय, तर मी परत खाली पाठवलं.

दुसरं, गोड्या पाण्याची अंघोळ. आमच्या टाकीत ३०० लिटर होतं, पिणं आणि स्वयंपाक सोडून कशालाच वापरायचं नाही असा नियम, अंघोळ समुद्राच्या पाण्याने. दहा दिवसांत अंगावर मीठ साचून पुरळ येतो, बसता येत नाही. वाढदिवसाला आपल्याकडे उटणं लावून अंघोळ घालतातच, तर मी काळ्या कॅनमधे दहा लिटर गोडं पाणी भरून सकाळी डेकवर उन्हात बांधून ठेवलं, दुपारपर्यंत मस्त कढत झालं होतं. आधी समुद्राच्या पाण्याने उटणं लावून घासून घ्यायचं, मग गोडं पाणी तांब्या तांब्याने. तेल फक्त डोक्याला, तेही खाली बसून. अंगाला तेल चोपडून ओल्या डेकवर उभं राहायचं म्हणजे थेट समुद्रात. आणि चालत्या बोटीतून बादली टाकताना ती पूर्ण भरू देऊ नका, ५ नॉटला भरलेली बादली हात खांद्यातून उपटते, दोरी बोटीला बांधलेली हवी, मनगटाला कधीच नाही.

वारा पडला असेल तर पाण्यात उतरून पोहायचा मोह होतो, वाढदिवस आहे, निळंशार पाणी आहे. उतरायचंच असेल तर शीडं पूर्ण खाली, शिडी पाण्यात, मागे लांब दोरी सोडलेली आणि एका वेळी एकच माणूस. वारा नाही असं वाटलं तरी बोट सरकत असते.

ओवाळायचं कसं

मला संकष्टी, म्हणजे चंद्र दिसल्याशिवाय जेवण नाही, म्हणून सगळा कार्यक्रम चंद्रोदयावर ठेवला आणि हे फारच बरं झालं. कालनिर्णयात आपल्या गावची वेळ असते, ती तिथे चालत नाही. एक अंश पश्चिमेला गेलं की चार मिनिटं उशीर. आम्ही रत्नागिरीच्या साधारण साडेदहा अंश पश्चिमेला होतो, म्हणजे बोटीचं घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवलेलं असेल तर चंद्र पाऊण तासाच्या आसपास उशिरा. मधे बिल्डिंग नाही, माड नाहीत, पाण्यातूनच वर येतो, आधी नारिंगी.

निरांजन कॉकपिटमधे, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेत, लावायला गेले तर पहिली फुलवात पेटतच नव्हती, पेटली ती वाऱ्याने उचलली आणि गेली मागे पाण्यात. मग खाली केबिनमधे. आता हे नीट वाचा. बोटीवरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, कुठे गळती असेल तर तो वर जात नाही, खाली तळाला बिल्जमधे साचतो आणि वास यायच्या आत स्फोट होऊ शकतो. म्हणून ज्योत लावायच्या आधी सिलिंडरचाच कॉक बंद, नुसतं शेगडीचं बटण नाही, फळी उचलून वास घ्यायचा, केबिनच्या छताची खिडकी उघडी, आग विझवायचं ब्लँकेट हाताशी. पेट्रोलचा कॅन केबिनमधे असेल तर ज्योतीचा विचारच सोडा, अक्षता टाका आणि मोकळे व्हा. निरांजन खोल वाटीत, वाटीत ओले तांदूळ म्हणजे ती घसरत नाही, तूप अगदी चमचाभर. ताम्हणात सुपारी, अंगठी, कुंकू, अक्षता. अंगठी ताम्हणात टाकताना घसरेल म्हणून मी दोऱ्याने बांधली होती. अख्खा कार्यक्रम दोन मिनिटांचा, बोट उजवीकडे कलली की मी उजवीकडे, दोनदा ओवाळलं, तिसऱ्यांदा माझाच तोल जाऊन कुंकू ह्यांच्या नाकावर. मग ज्योत विझवली, सांदणाचा नैवेद्य दाखवला, आणि वर येऊन चंद्रासमोर खाल्लं, नारळाचं दूध ओतून, वॉच चालूच होता.

रात्री साडेदहाला त्यांनी मोबाइलवर घरचे आवाज परत लावले. मधेच एक जहाज लांबून गेलं.

वाढदिवसानंतर सातव्या दिवशी व्हिक्टोरियाला पोचलो. बंदरात तपासणी बाकी आहे हे सांगणारं पिवळं निशाण लावून थांबलो, कागदपत्रं झाली, सरकारी माणसं बोट बघून गेली आणि मग पहिल्यांदा नांगरावर बोट स्थिर उभी राहिली. त्या संध्याकाळी सिलिंडर बंद करून मी सासूबाईंची डबी काढली आणि परातीत ओली वाळू पसरून उरलेल्या सगळ्या फुलवाती मांडल्या. तर हे मोजायला बसले.

"अठ्ठावन्नच आहेत."

"अहो, दोन समुद्रात झाल्या की."

"एक उडून गेली ती धरायची का?"

धरली म्हटलं.